सल्लागार मंडळावर जायचं, खरं नुसतं नाव द्यायला नाही

पत्र:

"ताई, नमस्कार. मी कोल्हापूरचीच. शाहिरी करते, आमचं छोटं कलापथक आहे, आणि दिवसा एका शाळेत कंत्राटावर संगीत शिकवते. गेल्या आठवड्यात सामाजिक न्यायाचं काम करणाऱ्या एका संस्थेच्या सचिवांचा फोन आला. ही संस्था आपल्या जिल्ह्यात एकल महिलांसोबत काम करते, म्हणजे विधवा, नवऱ्यानं टाकलेल्या, देवदासी. आता ते नवीन सल्लागार मंडळ करतायत, त्यात एक चित्रकार, एक नाटकवाले सर, दोन जुने कार्यकर्ते आणि मी. सचिव म्हणाले ताई तुम्हाला काही काम नाही, फक्त नाव द्या, वर्षातनं दोन मिटिंगा. २६ जूनला शाहू जयंतीच्या कार्यक्रमात सगळ्यांचा सत्कार आणि फोटो आहे. मला आनंद झाला, खरं माझी मैत्रीण, ती बांधकाम कामगारांच्या संघटनेत आहे, ती म्हणाली ह्या संस्था चळवळीतली माणसं उचलतात आणि बॅनरवर लावतात, तू गेलीस की तुझा आवाज गेला. आणि पप्पा म्हणतात उद्या हिशेबात घोळ निघाला तर कोर्टाच्या पायऱ्या तू चढणार का. मी काय करू? जाऊ का नको?"
– एक शाहीर, कोल्हापूर

उत्तर:

जा. आधी हे सांगून टाकते म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. जा, पण 'फक्त नाव द्या' ह्या बोलीवर जाऊ नको.

पप्पांचं आधी घेऊ, ते लवकर उरकण्यासारखं आहे, आणि त्यांची भीती अगदीच उगाच पण नाहीय. संस्था ट्रस्ट असेल तर ती महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली येते, आणि पैसा, मालमत्ता, हिशेब ह्याची जबाबदारी विश्वस्तांवर असते, म्हणजे ज्यांची नावं धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात नोंदीला चढलेली असतात त्यांच्यावर. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. सल्लागार त्या नोंदीत नसतो, त्याला ठरावावर मत नसतं, चेकवर त्याची सही नसते. म्हणजे तू सल्लागार म्हणूनच राहिलीस तर हिशेबाचं ओझं तुझ्यावर येत नाही, फक्त सल्लागार म्हणूनच आहे ना एवढं बघ. आधार द्या, पॅन द्या, संमतीपत्रावर सही करा असं मागायला लागले तर तिथंच थांबायचं आणि सरळ विचारायचं, मला विश्वस्त करताय का? आणि प्रोसिडिंग बुकाच्या कोऱ्या पानावर सही कधी म्हणजे कधीच करायची नाही. मुद्दाम लिहितीय, कारण आपल्याकडं तालीम मंडळापासनं पतसंस्थेपर्यंत 'सही तेवढी करून ठेवा, ठराव मागनं लिहितो' हे इतकं सर्रास चालतं की नाही म्हणणाऱ्यालाच लोक विचित्र समजतात. समजू देत. आणि तू कंत्राटावर का असेना शाळेत आहेस, मुख्याध्यापकांच्या कानावर घाल, लेखी परवानगी लागत असेल तर घेऊन ठेव.

मैत्रिणीचं मात्र असं दोन ओळीत उरकणार नाही. संस्था विरुद्ध चळवळ हा वाद महाराष्ट्रात जुना आहे आणि तिच्या बोलण्यात दम आहे. संस्थेला प्रोजेक्ट चालवायचा असतो, त्याला फंड लागतो, फंड देणारा विचारतो तुमच्या सोबत कोण कोण आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यानं ठराविक आकाराच्या वरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सीएसआरवर, म्हणजे समाजकामावर, खर्च करायला लावलं, तेव्हापासनं प्रस्तावाच्या फाईलीत सल्लागारांची यादी, त्यांचे फोटो, दोन ओळींची ओळख ह्याला भाव आलाय. तुझं नाव त्या यादीत कशाला पाहिजे? कारण गावागावात तू डफ घेऊन उभी राहिलेली लोकांनी बघितलीय. ही पत तू कमावलीयस, ती संस्थेची नाही. आणि ती त्यांना पाहिजे ह्यात वाईट काही नाही, कुणालाही पाहिजेच असते, प्रश्न एवढाच की ती घेऊन ते करणार काय.

शाहू जयंतीलाच फोटो काढणार म्हणतायत म्हणून सांगते. नाव देणं ही हलकी गोष्ट आहे असं कोल्हापूरच्या माणसानं तरी म्हणू नये. १९२० च्या मार्चमध्ये माणगावच्या बहिष्कृत वर्गाच्या परिषदेत शाहू महाराज आले आणि हजारो लोकांसमोर त्यांनी तरुण आंबेडकरांना पुढं केलं, हा तुमचा पुढारी म्हणून सांगितलं. तेव्हा बाबासाहेबांचं वय २८. त्याच काळात दलित समाजातल्या गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात महाराज स्वतः जाऊन चहा प्यायचे, सगळं गाव बघत असताना, आणि आपल्या सोबतच्या मंडळींनाही प्यायला लावायचे. राजाचं नाव, राजाची पत, ती दुसऱ्या माणसाला उभं करायला वापरली. तुझ्या बाबतीत पण मी हेच बघेन. तुझं नाव त्या बायकांना पुढं आणायला वापरलं जाणार असेल तर आनंदानं दे. नुसतं बॅनर भरायला असेल तर मैत्रीण बरोबर आहे.

म्हणूनच तुझं पत्र वाचताना मला खटकलं ते दुसरंच. मंडळात चित्रकार आहे, नाटकवाले सर आहेत, दोन कार्यकर्ते आहेत, तू आहेस. एकल महिलांच्या संस्थेच्या मंडळात एकल महिला कुठं आहे? एक पण नाही. ज्यांच्या न्यायाचं चाललंय त्याच बाहेर आणि आपण आत बसून त्यांच्याबद्दल सल्ला देणार, हे मला पटत नाही आणि मला वाटतंय तुलाही पटणार नाही. तुझी पहिली अट ही असू दे, की निदान दोन बाया ज्या संस्थेच्या गटातनं आल्यात त्या ह्याच मंडळावर, ह्याच मानानं, ह्याच पत्रावर असाव्यात. लाभार्थी प्रतिनिधी वगैरे वेगळा रकाना करून नाही.

सचिव म्हणतील हो हो नक्की, आणि मग पहिल्या मिटिंगला त्या बाया येणार नाहीत आणि सगळे म्हणतील बघा बोलावलं होतं, आल्याच नाहीत. का आल्या नाहीत ते बघ. मिटिंग ठेवली कोल्हापुरात, ताराबाई पार्कात, सकाळी अकराला. बाई आहे गडहिंग्लजकडची, शेतात रोजानं जाते. २०२३ च्या मार्चपासनं एसटीत बायकांना निम्मं तिकीट झालंय हे खरं, पण निम्मं का असेना ते खिशातनंच जातं, वर त्या दिवसाचा रोज बुडतो, आणि पोरं, जनावरं, सासू हे सगळं कुणावर तरी टाकून यायचं. म्हणून येण्याजाण्याचा खर्च आणि बुडलेला रोज संस्थेनं द्यायचा, आणि त्याच दिवशी हातात द्यायचा, 'बिल जमा करा पुढच्या महिन्यात बघू' असलं नको. दोनपैकी एक मिटिंग गडहिंग्लजला किंवा चंदगडला घ्यायची, आपण जायचं गाडी करून, आपल्याला काय झालंय. अहवाल इंग्रजीत असेल तर मराठीत वाचून दाखवायचा. आणि त्या बोलतील तेव्हा मधे कुणी तोडायचं नाही, हे तुला बघावं लागेल, कारण जुने कार्यकर्ते मनानं कितीही चांगले असले तरी बोलायला लागले की अर्धा तास जातो.

आता तुझ्या मनात असेल, जे तू लिहिलं नाहीस, की मी गाणारी बाई, मी तिथं काय सल्ला देणार. मला तर वाटतं तुमच्या तिघांकडं, तू, चित्रकार आणि नाटकवाले सर, असं काहीतरी आहे जे त्या संस्थेत आत्ता कुणाकडंच नसेल.

मी एक कार्यक्रम बघितला होता, दुसऱ्याच एका संस्थेचा. पुढच्या रांगेत फंड देणारे पाहुणे. स्टेजवर एका बाईला बोलावलं, माईक हातात दिला आणि निवेदक म्हणाला ताई तुमची कहाणी सांगा. ती बोलायला लागली, आपल्या गटाबद्दल काहीतरी, तर खालनं संस्थेचा एक पोरगा हातानं खुणा करत होता की ते नाही, नवऱ्याच्या आजारपणाचं सांगा. तिनं ते सांगितलं. रडली. फोटो निघाले, टाळ्या झाल्या, शाल घातली. नंतर जेवणाच्या लाइनीत ती माझ्या पुढंच होती, हातात ताट, आणि एकदम मोकळी होऊन सांगत होती की आमच्या गटानं शेवयाचं मशीन घेतलंय, चालवते मी, हिशेबाची वही माझ्याकडं असते, दिवाळीच्या आधी तर रात्री अकरापर्यंत मशीन बंद होत नाही. स्टेजवर ती हेच सांगायला निघाली होती. तिला ते सांगूच दिलं नाही.

तो पोरगा काय वाईट नव्हता गं. त्याला कुणी शिकवलंच नव्हतं की माणसाला उजेडात उभं करणं म्हणजे काय असतं. नाटकवाले सर हे जाणतात, स्टेजवर आणलेल्या माणसाचं काय होतं ते त्यांच्याइतकं कुणाला कळणार. चित्रकाराला कळतं की अहवालाच्या कव्हरवर मोकळ्या कपाळाच्या बाईचा क्लोजअप छापला की तो मुंबईच्या ऑफिसात कितीही हृदयस्पर्शी दिसला तरी तिच्या गावात तिला ओळखणारी माणसं आहेत, तिच्या पोरीच्या सोयरिकीच्या वेळी तेच कव्हर कुणीतरी मोबाईलवर काढून दाखवेल. तिला विचारलं होतं का? विचारलं असेल तर छापायच्या आधी दाखवलं होतं का? आणि तुला कळतं की विधवेवरच्या गाण्यात 'अभागी' आणि 'बिचारी' आले की ऐकणाऱ्या बाया डोळ्याला पदर लावतात आणि घरी जाऊन सगळं होतं तसंच चालू ठेवतात. हा सल्ला आहे. कुणाचा चेहरा, कुणाचा आवाज, कुणाच्या शब्दात, कुणाच्या परवानगीनं, हे ठरवायला संस्थेनं तुम्हाला बोलवावं, आणि तसं स्पष्ट लिहून घ्या की जे काही पोस्टर, व्हिडिओ, पथनाट्य बाहेर जाईल ते आधी मंडळासमोर येईल, आणि त्या दोघींसमोर तर येईलच येईल.

दुसरं एक उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं. २०२२ च्या मे महिन्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं, सगळं. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढलं की बाकीच्या ग्रामपंचायतींनी पण हेरवाडचं उदाहरण घ्यावं. केवढी मोठी गोष्ट, मला अजून अभिमान वाटतो. पण कुठल्याही गावात मयताच्या घरी, बाहेर तिरडी बांधायचं चाललेलं असताना, आत बायकांच्या घोळक्यातनं एखादी चुलतसासू उठते आणि त्या पोरीचा हात धरते, त्या क्षणाला ठराव तिथं हजर नसतो. तिथं कुणीतरी 'राहू दे, नका फोडू' म्हणायला लागतं, आणि ते म्हणायचं बळ ठरावाच्या कागदातनं किती येतं मला शंका आहे. ते सहा महिन्यापूर्वी जत्रेत ऐकलेल्या गाण्यातनं येऊ शकतं, देवळासमोरच्या पथनाट्यातनं येऊ शकतं, जिथं त्या चुलतसासूनं स्वतःलाच बघितलेलं असतं. सत्यशोधक जलसे ह्याच कामाला गावोगाव फिरले, अण्णाभाऊ साठेंनी आणि त्यांच्या साथीदारांनी १९४४ ला लाल बावटा कलापथक काढलं ते ह्याचसाठी. तू त्याच वाटेवर आहेस, मंडळावर जाऊन काही वेगळं करायचं नाहीय, हेच संस्थेला समजावून सांगायचंय.

पैशाचं बोलते, आपल्याला अवघड वाटतं म्हणून नक्की बोलायचं. सल्लागार झालीस की पहिल्याच वर्षी महिला दिनाला कार्यक्रम, वर्धापनदिनाला कार्यक्रम, पाहुणे आले की कार्यक्रम, आणि प्रत्येक वेळी 'ताई तुम्ही तर आपल्याच'. मिटिंगला गेलीस तरी 'सुरुवातीला एक गाणं होऊन जाऊ दे'. गाणं म्हण की, मनापासनं म्हण, पण मिटिंगच्या अजेंड्यावर तुझा विषय आहे का ते आधी बघ. आणि सल्ला वेगळा, कार्यक्रम वेगळा. सल्ल्याचं मानधन नको म्हणालीस तरी चालेल, तुझी मर्जी, पण कलापथकाची बिदागी सोडायची नाही, कारण ती एकट्या तुझी नसतेच. ढोलकीवाल्याचं आणि झीलकऱ्यांचं घर त्यावर चालतं, त्यांचा वाटा फुकट वाटायचा अधिकार तुला मला नाही. समतेचं काम करणाऱ्या संस्थेला हे समजायला पाहिजे, आणि चांगल्या संस्थेला समजतं.

संस्थेचा पैसा कुठनं येतो हे पण विचार. मागच्या तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट आणि वार्षिक अहवाल माग, लाजू नको, स्वच्छ संस्था दुसऱ्या दिवशी पाठवते. तू पंचगंगेच्या प्रदूषणावर गाणं म्हणत असशील आणि उद्या नदीत सांडपाणी सोडणाऱ्याच कुणाचा सीएसआर घेऊन तुझ्या फोटोखाली त्याचा लोगो आला तर लोक तुला विचारणार, सचिवांना नाही. परदेशातनं देणगी येत असेल तर २०१० च्या एफसीआरए कायद्याखालचं रजिस्ट्रेशन किंवा आधी घेतलेली परवानगी लागते, राजकीय स्वरूपाच्या संघटनांना तो पैसा घेताच येत नाही, २०२० मध्ये नियम अजून आवळले, त्यामुळं अशा संस्था घोषणा, मोर्चे ह्या बाबतीत बिचकून असतात. ती बिचक समजून घे, त्यांच्यावर पण बायका पोरं असलेले कर्मचारी अवलंबून असतात. खरं त्यासाठी तुझ्या पोवाड्यातली ओळ बदलायची नाही. मंडळावर असताना तुझं कलापथक स्वतंत्र राहील, तू काय गातेस, कुठल्या मोर्चात जातेस ह्यात संस्था पडणार नाही, हे पत्रात पाहिजे. मैत्रिणीची जी भीती आहे ना आवाज गेला म्हणून, तिला हे पत्र वाचायला दे.

आणि एक प्रश्न, तो फोनवर नको, सचिवांच्या समोर बसून विचार. मी काही बोलले, गायले, आणि त्यावरनं मला धमक्या आल्या, सोशल मीडियावर शिव्या सुरू झाल्या, तर तुम्ही माझ्या शेजारी उभं राहणार का रातोरात वेबसाइटवरनं माझा फोटो काढणार? कॉम्रेड गोविंद पानसरेंवर २०१५ च्या फेब्रुवारीत ह्याच शहरात सकाळच्या वेळी गोळ्या झाडल्या, त्यांच्या सोबत त्यांच्या पत्नी उमाताई होत्या. म्हणून ह्या गावात हा प्रश्न विचारणं म्हणजे काही जास्तीचं नाही. उत्तर काय देतात त्यापेक्षा किती वेळ घेऊन देतात, कुणाकडं बघून देतात ते बघ. पटकन 'हो हो काळजी करू नका' म्हणणाऱ्यापेक्षा 'आम्ही विश्वस्तांशी बोलून सांगतो' म्हणणारा मला जास्त खरा वाटतो.

मुदत दोन वर्षांची ठेव. पुढं वाटलं तर वाढवता येते. सोडायची वेळ आली तर लेखी कळवायचं आणि लेटरहेड, बॅनर, वेबसाइट सगळीकडनं नाव काढायला सांगायचं, ते पण आत्ताच पत्रात.

हे सगळं वाचून तुला वाटेल किती अटी, ते म्हणतील राहू दे बाई. म्हणू देत ना. त्यांनी राहू दे म्हटलं तर तुला उत्तर मिळालं. पण मला नाही वाटत असं होईल, इतकी वर्ष ह्या बायकांसोबत टिकून असलेली संस्था असेल तर त्यांनाही कुणीतरी असं विचारणारं पाहिजेच असेल, 'फक्त नाव द्या' हे ते पुष्कळदा समोरचा घाबरू नये म्हणून म्हणतात.

सचिवांना असा मेसेज टाक, पाहिजे तर तुझ्या भाषेत बदल:

"सर, मंडळासाठी माझा विचार केलात, मनापासून आभार. मला यायचं आहे आणि काम करायचं आहे, नुसतं नाव नको. तीन गोष्टी ठरवूया. गटातल्या निदान दोन महिला आपल्यासोबत मंडळावर असाव्यात, त्यांचा प्रवासखर्च आणि बुडालेला रोज संस्थेनं द्यावा. मंडळानं काय बघायचं, मुदत किती, माझं कलापथक स्वतंत्र राहील, हे एका पत्रात मिळावं. आणि सत्काराच्या आधी एकदा मला गटाच्या मिटिंगला घेऊन चला, मी मागे बसून ऐकेन. मागच्या तीन वर्षांचे अहवाल पाठवाल का?"

फोटोचं राहिलं. २६ जूनच्या आत पत्र हातात आलं तर स्टेजवर जा, आणि त्या दोघी पण स्टेजवर आहेत का बघ, मागच्या रांगेत असल्या तर पुढं बोलव. पत्र आलं नाही तर कार्यक्रमाला जा, खाली खुर्चीत बस, सगळं ऐक, आणि सचिवांना आधीच सांगून ठेव की सत्कार पुढच्या वेळी घेते. गटाच्या मिटिंगला जाताना मैत्रिणीला पण घेऊन जा, बांधकामावरच्या बायकांत पण एकल बाया खूप असतात, तिला तिथल्या बायकांशी बोलायला तुझ्यापेक्षा जास्त असेल.